वाकळीचा घास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथं मी हटकून दुसरंच काहीतरी मागत बसते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, आणि तेवढं माझ्यानं होणार नाही. तशी मी तोंडाची फटकळ आहे. रेणापूरच्या बाजारात मी भाव करायला लागले की भाजीवाल्या एकमेकींना खुणावतात, आली बाई मंदा म्हणून. पण ही एक गोष्ट आठवली की जीभ टाळ्याला चिकटते. अजूनही.

सावकाश सांगते. मध्येच भलतीकडं गेले तर समजून घ्या, भीती वाटतेय.

आमचं गाव रेणापूर तालुक्यातलं. घरात तीन माणसं — मी, मालक म्हणजे माझा नवरा, आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं तीच रीत आहे. धाकटा दीर नांदेडला नोकरीला, तिथंच त्याचा संसार. त्याची बायको अश्विनी, माझी जाऊ.

घरामागचं परस आत्याबाईंचं. पावसाळा लागला की त्यांचा मुक्काम तिथंच. वालाचा मांडव, दोडक्याचे वेल, शेपू, चुका, कडेनं अंबाडी. आणि कोंबड्या माझ्या. आता कोंबडीला वाफा आणि उकिरडा यातला फरक कुणी शिकवावा? त्या सगळं परस उकरून ठेवायच्या आणि आत्याबाई काठी घेऊन त्यांच्यामागं धावायच्या. तुझ्या कोंबड्या हायेत का दरोडेखोर, असं मला ओरडून विचारायच्या. मी आतून म्हणायची, तुमचा चुकाच लई आंबट, बिचाऱ्या तोंड वाकडं करून परत आल्या बघा. असं आमचं चालायचं. प्रेम होतं म्हणणार नाही, पण एकमेकींशिवाय करमत नव्हतं.

दोघींच्या हातात एकेक विद्या होती. माझ्या हातात वाकळ. पुण्यामुंबईकडं तिला गोधडी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेनं टाका धरायचा आणि घालत घालत मध्यापर्यंत यायचं. उन्हाळ्यात शेतं मोकळी असली की माझ्याकडं पार शिरूर अनंतपाळहून लुगड्यांची गाठोडी यायची. टाका बारीक, ओळ सरळ — तेवढा एक तोरा मला होता. आत्याबाईंच्या हातात घुटी होती. आळीत कुणाचंही लेकरू रडायला लागलं, की बाया त्यांना बोलवायच्या. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळायचं. कशाचे किती वेढे द्यायचे ते लेकराच्या तोंडाकडं बघून ठरवायच्या. आळीतलं एक पोर असं नव्हतं ज्याच्या जिभेला आत्याबाईंचं बोट लागलं नाही.

आणि माझी कूस उजवली नव्हती. हेही सांगून टाकते, कारण ते कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. लातूरचे दवाखाने झाले, नवस झाले, नंतर लोकांनी विचारायचं सोडलं. लोकांनी विचारायचं सोडलं ना, की ते आपसात बोलायला लागतात.

तर वाकळ.

आमच्या आळीत एक रीत आहे. वाकळ शिवत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा. त्यातून चिमूटभर धान्य आत घालायचं आणि मग कोपरा मिटायचा. त्याला वाकळीचा घास म्हणतात. वाकळ उपाशी ठेवली तर ती ऊब देत नाही, असं जुन्या बाया सांगतात. मोठ्या माणसाच्या वाकळीला कसलाही दाणा चालतो. पण लेकराच्या वाकळीला दळणाचा दाणा चालत नाही. दळणाचा दाणा भरडला जाणारा, त्याचं पीठच होणार. लेकराला पेरणीचा दाणा लागतो — मातीत जाऊन वर येणारा. ही रीत कुणी घातली? ज्यांनी घातली त्यांच्या घरी बियाणं घरचंच असायचं, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं. आता ज्वारीचं बी दुकानातून येतं, पाकिटात. गुलाबी रंगाचं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा नाही आलं.

नाही, असंही म्हणता येत नाही. बियाणाला औषध लावलेलं असतं हे मला काय माहीत नव्हतं? पेरून आल्यावर आम्ही साबणानं हात धुतो. पण ते शेतातलं शहाणपण होतं, आणि वाकळ ही घरातली गोष्ट. डोक्यात दोन्ही वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेली होती. ते दाणे मला गुलाबी दिसले — कुंकू लावल्यासारखे — आणि बरंच वाटलं.

अश्विनीला मुलगी झाली होती, ओवी. दिवाळीला ते तिला पहिल्यांदा गावी आणणार होते आणि तिच्यासाठी वाकळ करायची होती. आत्याबाईंनी त्यांची जुनी मऊ झालेली लुगडी काढून दिली. मी मन लावून शिवली. खरंच मन लावून, हे मला सांगायचंय — एवढे बारीक टाके मी आधी कधी घातले नव्हते. शेवटच्या दिवशी कोपरा तेवढा राहिला. बाहेर अंगणात आत्याबाई शेजारणीशी बोलत होत्या, आणि धाकटीनं घराचं नाव राखलं गं बाई, असं म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मी आत होते, हातात सुई होती, आणि ऐकू आलं.

थोड्या वेळानं त्यांनी बाहेरूनच हाक मारली, घास पेरणीचा घाल, माझ्या गाठोड्यातला घे. त्यांचं एक गाठोडं आढ्याला टांगलेलं असायचं. त्यात परसातलं वाल-दोडक्याचं बी आणि चार मुठी जुनी घरची ज्वारी. ते काढायचं तर त्यांना आत बोलवावं लागलं असतं, मी स्टुलावर चढणार, त्या स्टूल धरणार. त्या दिवशी मला त्यांच्याकडून काहीच नको होतं. राग नाकावर होता. फळीवर पेरणीतून उरलेल्या बियाणाचा डबा होता. त्यातली चिमूट घेतली, कोपऱ्यात सारली आणि टाका घालून मिटवून टाकला. पेरणीचाच तर आहे, असं मनाशी म्हणाले.

आत्याबाईंनी नंतर विचारलं, घातला का घास? मी हो म्हणाले.

दिवाळी झाली. ओवीला त्या वाकळीत गुंडाळली तर ती माझ्याकडं बघून हसली, आणि माझा सगळा राग निवळला. परत जाताना त्यांनी आत्याबाईंनाही नांदेडला नेलं, कारण अश्विनीची शाळेतली नोकरी सुरू होणार होती आणि लेकराजवळ माणूस हवं होतं. घर एकदम रिकामं झालं. मी आणि माझ्या कोंबड्या राहिलो.

मग एका सकाळी कोंबड्या मेल्या.

खुराडं उघडलं तर लाल तुर्रेबाज कोंबडी दारातच आडवी, मान पाठीकडं वळलेली. दुसरी भिंतीशी थरथर कापत होती, चोच उघडी, लाळ गळत होती. बाकीच्या दुपारपर्यंत गेल्या. शेजारीण म्हणाली, मानमोडी आली असंल, कोंबड्यांचा रोग गावात फिरायलाय. मीही तेच धरून चालले. मालक शेतातून आले, त्यांनी एका कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी चाचपली आणि तडक घरात गेले. फळीवरचा डबा उंदरांनी पाडला होता. झाकण एकीकडं, आणि गुलाबी दाणे फळीपासून दारापर्यंत.

मालक एवढंच म्हणाले, "औषधाचं बी हाय ते. चार दाण्यात कोंबडी लोळती. नीट ठिवायचं न्हाई का?"

मी खाली बसले. त्यांना वाटलं, कोंबड्यांसाठी रडतेय. त्यांनी मला पाणी आणून दिलं, नवीन पिल्लं आणू म्हणाले. आणि मला दिसत होता तो मिटलेला कोपरा.

आता तुम्ही विचाराल, फोन का नाही केला? फोन हातातच होता की. आत्याबाई, त्या वाकळीचा कोपरा उसवून टाका — एवढं एकच वाक्य. मी ते मनात किती वेळा म्हटलं असेल. चुलीपुढं म्हटलं, परसात मेथीला पाणी घालताना म्हटलं. पण त्यापुढचं वाक्य काय? का उसवू, असं त्या विचारणारच. आणि मग सगळीकडं हेच होणार — वांझोटीनं जावेच्या लेकराच्या वाकळीत इख घातलं. कोण म्हणेल की चुकून घातलं? गाठोडं आढ्याला होतं, सांगितलं होतं तिथून घे म्हणून, तरी हिनं डब्यातलं घेतलं. का घेतलं? मलाच विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते? राग आला होता म्हणून?

आणि एक गोष्ट याहून वाईट. लोक काय म्हणतील याचा विचार करता करता मला माझीच शंका यायला लागली. खरंच चुकून घातलं का मी? त्या क्षणी मनाच्या तळाशी काहीच नव्हतं का? मी अजूनही तिथं हात घालून बघत नाही.

मग मी स्वतःची समजूत घातली. कोपरा घट्ट शिवलाय, थर जाड आहेत, दाणा बाहेर कसा येईल? आपलेच टाके, आपल्याला माहीत नाहीत का? माझ्या सुईचा तोरा मला असा कामी आला.

एका रविवारी व्हिडिओ कॉल आला. आत्याबाईंनी फोन ओवीपुढं धरला होता. ती पालथी पडली होती, वाकळीचा कोपरा दोन्ही मुठींत धरून तोंडात घातलेला, हनुवटीपर्यंत लाळ. कुठला कोपरा होता? चारांपैकी कुठला? फोनवर कळेना. अश्विनी मागून हसत म्हणाली, अक्का, तुमच्या वाकळीबिगर झोपतच न्हाई बघा, कोपरा चोखत बसती. सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, तोंडात घालू देऊ नका गं, कापड मळकं असतंय.

मळकं असतंय. ह्यापलीकडं माझी हिंमत गेली नाही.

अश्विनी म्हणाली, धुतलीय की अक्का. आणि मी विषय बदलून ओवीला दात आले का ते विचारलं.

त्यानंतर फोन वाजला की तो नांदेडचाच वाटायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं. मालकांच्या चुलतभावाचा फोन असायचा, विहिरीवरच्या मोटारीच्या लाइटीबद्दल. पण तो उचलेपर्यंत मी जिथं असेन तिथं थांबलेली असायची, हातात भाकरी असली तर ती तव्यावर करपायची.

येळवसेला तो फोन आला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूरकडचा मोठा सण. गाव सगळं ओस पडतं आणि माणसं आपापल्या शेतात जातात. ज्वारी छातीला लागलेली असते, कडब्याच्या कोपीत म्हणजे खोपटात पूजा मांडायची, सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी आणि आंबील खायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून बसवायचं. आमच्याकडंही पाहुणे होते. मालक फोन घेऊन बांधाकडं गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी हातातलं ताट खाली ठेवलं. ओवीला दवाखान्यात नेलं होतं. उलट्या थांबत नव्हत्या, लाळ गळत होती, मान टाकत होती.

मान टाकत होती म्हटल्यावर मला खुराडं दिसलं.

आम्ही तसेच निघालो. नांदेडपर्यंत मालकांनी माझा हात धरला होता. ह्या बाईला पुतणीची किती माया, असं त्यांना वाटत असणार. आणि मी काय मागत होते देवाकडं? ओवी वाचू दे, हे मागत होते. आणि त्याच्याच पाठोपाठ — त्याच दमात — कुणाला कळू देऊ नको. दोन्ही सारख्याच जोरानं मागत होते. कधीकधी दुसरंच जास्त.

दवाखान्यात ओवी काचेपलीकडं होती. हाताला सुई, एवढीशी. आत्याबाई बाकड्यावर बसल्या होत्या, पदर तोंडाशी. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या आणि आम्हा सगळ्यांना एकत्र उभं करून विचारलं, पोटात काय गेलंय? घरात उंदराचं औषध, फवारणीचं औषध, असलं काही? कळलं तर उपाय नेमका करता येईल, नाहीतर आम्ही अंदाजानं चाललोय.

बघा, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं. मी दिराच्या मागं, त्याच्या खांद्याआड उभी होते. एक शब्द बोलायचा होता — बियाणं. चार अक्षरंसुद्धा नाहीत त्याला. तोंड उघडलंही होतं मी. आणि दीर म्हणाला, नाही हो, इथं फ्लॅटमध्ये कुठलं फवारणीचं. मग तो थांबला, आईकडं वळला आणि म्हणाला, आई घुटी देते तिला.

सगळ्यांच्या नजरा आत्याबाईंकडं गेल्या.

डॉक्टरीण बाई चिडल्या. काय काय उगाळता, किती, कुठून आणता? आत्याबाई अडखळत नावं सांगायला लागल्या, त्यांचं बोट हवेतच सहाणेवर फिरावं तसं फिरत होतं. मी तोंड मिटून घेतलं. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

घरून लेकराचे कपडे आणायचे होते. मी आणते, असं मी इतक्या पटकन म्हणाले की अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. ऑटोनं त्यांच्या घरी गेले. आतून कडी लावली. वाकळ पाळण्यात होती. एकेक कोपरा हातात घेऊन बघितला आणि तो सापडला — ओलसर, चोखून चोखून तंतू सुटलेला. माझा टाका, ज्याचा मला तोरा होता, तो तिथं विरला होता आणि करंगळीचं टोक जाईल एवढी फट पडली होती. ब्लेडनं उसवलं. आत दाणे होते. पण मी घातले होते त्यापेक्षा कमी, आणि त्यांचा गुलाबी रंग जवळजवळ गेलेला. तो रंग आतल्या लुगड्याला लागला होता.

जिन्यात कुणाची तरी चाहूल लागली. मी दाणे मुठीत घेऊन तशीच बसले. शेजारचं दार उघडलं आणि लागलं. मग मी उठले, दाणे संडासात टाकले, वरून बादलीभर पाणी ओतलं. रंग लागलेला तुकडा कापला, पिशवीत लपवला, आणि कोपरा परत शिवला. घाईत शिवला तरी टाका सरळ आला. तो टाका सरळ आला ह्याची मला आजही शिसारी येते.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. आता तर मला नक्की माहीत होतं, शंका म्हणूनसुद्धा काही उरलं नव्हतं. दवाखान्यात परतले तेव्हा त्याच डॉक्टरीण बाई समोरून आल्या. मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली.

ओवी वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. तुम्हाला वाटेल, इथं संपलं. वाचली ना? मग झालं तर. पण मी लेकराचा जीव पणाला लावला होता आणि तो वाचला त्यात माझा काहीच हात नव्हता. आजही ती शाळेतून आली, डोकं दुखतंय म्हणाली असं नुसतं फोनवर कळलं, तरी मी दिवसभर धड जेवत नाही. त्यातलं काही राहिलं असेल का तिच्यात? कुणाला विचारू?

आणि आत्याबाई.

अश्विनी त्यांना एक शब्दही वाकडा बोलली नाही. फक्त ओवीला त्यांच्या मांडीवर देणं बंद केलं. त्या जवळ गेल्या की ती लेकराला उचलून दुसऱ्या खोलीत जायची. आठवड्यातच दीर त्यांना गावी आणून सोडून गेला. ही बातमी गावात त्यांच्याआधी येऊन बसली होती. आळीतल्या ज्या बाया पोर रडलं की धावत यायच्या, त्यांना आता दुकानातली घुटीची बाटली सापडली. सहाण आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं उचलून परसाच्या कडेला, अंबाडीत नेऊन टाकली.

मी पुन्हा कोंबड्या आणल्या, न आणल्या असत्या तर कुणीतरी कारण विचारलं असतं. त्या पहिल्यासारख्याच परसात घुसायच्या. चुका उकरायच्या, कोवळ्या वालाचे शेंडे खायच्या. आत्याबाई उंबऱ्यावर बसून बघत राहायच्या. काठी शेजारी असायची. एकदाही उचलली नाही. मी मुद्दाम कोंबड्यांना त्या बाजूला हुसकायची, म्हटलं चिडतील, मला शिव्या देतील. नाही.

एक दुपार. आम्ही दोघी अंगणात तुरी पाखडत होतो. इतका वेळ मी तुम्हाला काय सांगितलं? गप्प राहिले, गप्प राहिले, हेच. गप्प राहणं माणसाच्या हातून होतं, भीतीनं होतं. पण ह्या दुपारी मी बोलले. तेच सांगायला मी इथवर आले.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मंदे, तू तरी सांग माय. तेवढंच देत आले म्या जल्मभर. माझं काय चुकलं असंल?"

त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. आळ घालवायचा नव्हता, फक्त आपला हात कुठं चुकला ते कळायला हवं होतं.

मी म्हणाले, "वय झालं आत्याबाई. जायफळाचा वेढा जास्त गेला असंल."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. तसंच झालं असंल." आणि सूप उचललं.

त्या दिवसापासून त्यांनीही तेच धरलं. कुणी विषय काढला नाही तरी आपणहून सांगायच्या, माझ्या हाताला इख आलंय, वेढा चुकला. आपलीच चूक असल्यासारखं, मान खाली घालून. मी दिलेली गोष्ट त्यांनी पदरात बांधून घेतली. आणि मी त्यांचं सगळं केलं. दुखलंखुपलं, न्हाऊ घालणं, पुढं डोळे अधू झाले तेव्हा हात धरून परसात नेणं. मंदा लेकीसारखी करती, असं गाव म्हणायचं. खाई त्याला खवखवे — मी प्रत्येक वेळी खाली बघायची आणि लोकांना तो विनय वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. ज्वारी हुरड्याला आली होती. गावात कुणीकुणी भेटून जात होतं, पण त्यांचं लक्ष दाराकडं नसायचं, भिंतीकडं असायचं. एका सकाळी मी पेज भरवत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "धाकटीला फोन लाव. म्हणावं, सासूला माफ कर. लेकराला म्या जाणून न्हाई केलं."

मी वाटी खाली ठेवली. घरात आम्ही दोघीच होतो. मालक शेतात. दार लोटलेलं. मला कुणाचीही भीती वाटायचं कारण नव्हतं — त्यांची तर नाहीच, त्या दोन दिवसांच्या सोबती. तोंडाशी आलं होतं. आत्याबाई, तुम्ही नाही हो. एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला वाटलं, हे ऐकून त्या माझ्याकडं बघतील. त्या अधू डोळ्यांनी बघतील.

मी उठून परसात गेले आणि फोन लावला. अश्विनीला सांगितलं, आत्याबाई माफी मागतात. पलीकडं ती रडायला लागली. अक्का, मी तर कधीच विसरले हो, त्यांना सांगा मनात काही ठेवू नका म्हणावं, आम्ही ओवीला घेऊन येतोच आहोत. मग म्हणाली, केलं माफ म्हणावं, नीट सांगा.

ती माफी कानात घेऊन मी आत आले. ती माझ्या वाटणीची होती. ती मी आत्याबाईंना दिली, शब्दाला शब्द. त्यांचा चेहरा एवढा सुटला, कितीतरी वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. त्यांनी चाचपत माझा हात शोधला. तुझे लई उपकार झाले माय, तू मधी नसतीस तर मला कुणी माफ केलं असतं, असं म्हणाल्या. मग तो हात, ज्याला इख आलंय असं त्या म्हणायच्या, त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

मी डोकं खाली केलं आणि ठेवू दिला.